बाल्डुरच्या वेशीवर पुन्हा एकदा

जुने संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आणणाऱ्या माणसाला एकदा विचारून पाहा. पदे सगळीच्या सगळी ठेवावीत तर पहाट होते, कापावीत तर पहिल्या रांगेतले आजोबा तिसऱ्या अंकापूर्वी छत्री उचलून चालू लागतात. आणि नव्या प्रेक्षकाला तर पेटीचा सूर ऐकूनच जांभई येते. नवे नाटक लिहिणाऱ्याला एवढी भीती नसते, कारण त्याची तुलना कुणाच्या आठवणीशी व्हायची नसते. आठवणीशी झुंजणे फार वाईट. आठवण कधी म्हातारी होत नाही.

नेमका हाच पेच काही वर्षांपूर्वी बेल्जममधल्या एका मंडळीपुढे उभा राहिला. त्यांचे नाटक रंगमंचावरचे नव्हते, संगणकाच्या पडद्यावरचे होते. नाव ‘बाल्डर्स गेट’, म्हणजे आपल्या भाषेत बाल्डुरची वेस. 1998 आणि 2000 साली आलेल्या या खेळाच्या दोन भागांनी जगभरच्या हजारो तरुणांच्या रात्री खाल्ल्या होत्या. (त्यांत तरुण म्हणवून घ्यायला थोडा उशीर झालेला एक मुंबईकर कारकूनही होता. तो मी.) पुढे वीस वर्षांहून अधिक काळ तिसरा भाग आलाच नाही. तो आला 3 ऑगस्ट 2023 रोजी, आणि येण्याआधी तीन-चार वर्षे एकाच प्रश्नावरून अशी काही जुंपली होती की घराण्यांचे गवई बरे म्हणावे. प्रश्न असा: लढाई कशी व्हावी?

हे भांडण समजायला थोडे मागे गेले पाहिजे. वाचकांपैकी पुष्कळांनी हा खेळ कधी पाहिलाही नसेल. त्यांनी घाबरू नये. ज्याने सारीपाटावर दान मागितले आहे, किंवा ज्याच्या घरात पत्त्यांवरून एकदा तरी अबोला झाला आहे, त्याला यातले काहीही परके नाही.

1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावी, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाची एक पेटी विकायला आली. पहिल्या खेपेला प्रती हजारच, त्याही घरगुती मेहनतीने भरलेल्या. गायगॅक्स एके काळी विम्याच्या कचेरीत नोकरी करीत असे. नोकरी सुटल्यावर त्याने जोडे दुरुस्त करून संसार चालवला आणि उरलेल्या वेळात खेळ रचले. त्याच्या खेळाची वंशावळ मात्र खानदानी. टेबलावर लाकडी सैन्य मांडून लढाईचा सराव करण्याची पद्धत प्रशियाच्या लष्करात 1824 च्या सुमारास रुजली होती. आर्नेसनच्या मंडळीने त्या परंपरेत एक बदल केला. खेळाडूला अख्खे सैन्य न देता एकच माणूस द्यायचा. त्याचे नाव, गाव, गुणदोष ठरवायचे. तो मेला तर मेला, जगला तर अनुभवाने शहाणा होतो. एका बाजूला सूत्रधार बसतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे सोंग घेऊन बोलतात. आणि कुठे अडलेच, म्हणजे कुलूप तोडायचे आहे किंवा राक्षसावर वार करायचा आहे, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दान बरे पडले तर वार लागला. सोंग घेणे आणि दान टाकणे ही आपल्याकडची दोन जुनी सुखे त्या पेटीत एकत्र नांदत होती, एवढेच म्हणतो.

आता टेबलाभोवती पाचजण बसले की लढाई आपोआप पाळीपाळीने होते. पाचजणांनी एकदम बोलून कसे चालेल? एकाने फासा टाकायचा, दुसऱ्याने वाट पाहायची आणि तेवढ्यात एक चकली उचलायची.

संगणकावर हा खेळ आणताना पहिल्या मंडळींनी ही पाळी तशीच ठेवली होती. पण 1995 साली कॅनडातल्या एडमंटन शहरी तीन डॉक्टरांनी ‘बायोवेअर’ नावाची कंपनी काढली. रे मुझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप. डॉक्टर म्हणजे खरेखुरे, वैद्यकाची पदवी घेतलेले. नाडी सोडून या उद्योगाला लागले. त्यांना वाटले, संगणकाला चकलीही नको आणि वाटही पाहायला नको. मग सगळे एकदम का लढू नयेत? म्हणून त्यांनी एक नामी तोड काढली. लढाई घड्याळाप्रमाणे सतत चालू राहील, सहा सेकंदांचा एक फेरा. पण खेळाडूने एक कळ दाबली की सारे जग जागच्या जागी थिजेल. बाण हवेत, तलवार उगारलेली, मांत्रिकाचा मंत्र ओठांवर. त्या स्तब्धतेत आपल्या सहाही जणांना हुकूम द्यायचे आणि पुन्हा कळ दाबायची.

ही पद्धत समजावून सांगायला इंग्रजीत चार शब्द लागतात. आपल्या चाळीतल्या मुलांना एकच पुरे: टाइमप्लीज. मूठ ओठांशी नेऊन ‘टाइमप्लीज’ म्हटले की राज्य घेणाऱ्यालाही थांबावे लागते, चपलेचा अंगठा नीट करता येतो, आणि मग पुन्हा पळापळ. बाल्डुरच्या वेशीवरची लढाई ही अशी टाइमप्लीजची लढाई होती.

आणि ती फार देखणी होती हो! अनाथ पोर, ग्रंथालयाच्या तटबंदीत वाढलेले, पालनकर्त्याचा डोळ्यांदेखत खून झालेला. हत्येच्या मृत देवतेचे रक्त आपल्या अंगात आहे हे त्याला फार उशिरा कळते. बरोबर पाच सोबती. त्यांत मिन्स्क नावाचा एक धिप्पाड, भोळा योद्धा, जो आपल्या खिशातल्या बू नावाच्या हॅमस्टरचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सहाजण एका वेळी सरसावत, आगीचा गोळा स्वपक्षावरच पडत असे, आणि मग टाइमप्लीज, टाइमप्लीज! हिशेब मात्र विक्षिप्त होता. चिलखत जितके भक्कम तितका त्याचा आकडा कमी; फार भक्कम असेल तर शून्याच्याही खाली. नवशिक्याला शून्य आकड्याच्या चिलखतावर वार लागायला वीसचे दान हवे. समोरच्याचा आकडा पाच असेल तर विसातून पाच वजा, म्हणजे पंधरा किंवा वर. हे गणित पाठ असणे ही त्या काळची विद्वत्ता समजली जाई.

आमच्या घरी हा खेळ 2001 साली आला. पाच सीड्या होत्या. एका मुलखातून दुसऱ्यात गेले की यंत्र दुसरी सीडी मागे, आणि आमच्या संगणकाचे दार अडकत असल्याने ती बदलायला वहिनींच्या विणकामाची सुई लागे. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. मी कळा दाबायचा आणि ते बाजूला खुर्ची टाकून डावपेच सांगायचे. “अरे थांबव, थांबव! धनुर्धाऱ्याला मागे घे, म्हाताऱ्याला दारात उभा कर.” दारात एक भक्कम माणूस उभा करायचा आणि मागून बाण सोडायचे हा त्यांचा आवडता व्यूह. त्याला ते ‘खिंड’ म्हणत. खिंडीत उभे कोण राहणार हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही.

इकडे आमची खिंड लढत असताना तिकडे मूळ मंडळींची मात्र पांगापांग झाली. खेळ प्रकाशित करणारी इंटरप्ले ही कंपनी डबघाईला आली. 2003 साली तिच्या हातून या खेळाचे हक्क गेले, तयार होत असलेला तिसरा भाग अर्धवट बासनात बांधला गेला आणि वर्ष सरता सरता तो बनवणारा विभागही बंद झाला. बायोवेअर दुसऱ्या कामांत रमली, पुढे एका बड्या कंपनीने ती विकत घेतली, आणि 2012 साली मुझिका आणि झेशुक दोघेही बाहेर पडले. मूळ फाशांच्या खेळाची मालकी तोवर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आणि तिची मालकी हॅसब्रो या खेळणी बनवणाऱ्या बड्या घराण्याकडे गेली होती. तात्पर्य, वेस उभी होती, पण तिच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत हे समजायला वकीलच हवा.

दरम्यान 2012 साली जुन्या भागाची डागडुजी केलेली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी जुन्या कारागिरांपैकी काहींनी उभारलेल्या ऑब्सिडियन या कंपनीने लोकांकडून वर्गणी मागितली. जवळजवळ चाळीस लाख डॉलर जमले! त्यातून 2015 साली ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ हा खेळ निघाला, तोही टाइमप्लीजच्या पद्धतीचा. पण गंमत पाहा. त्याचा दुसरा भाग 2018 साली आला आणि अवघ्या काही महिन्यांत, 2019 च्या जानेवारीत, त्यांनी त्यात पाळीची लढाई जोडून दिली. ज्याला जे हवे त्याने ते घ्यावे. वारा कोणत्या दिशेने वाहू लागला होता याची ही खूण.

तो वारा सुटला होता बेल्जममधल्या गेंट शहरातून. तिथे स्वेन विंके नावाच्या गृहस्थाने 1996 साली ‘लॅरियन’ ही कंपनी काढली. पैशाची ओढाताण पाचवीला पुजलेली. 2013 साली त्यांनीही वर्गणी काढली, नऊ लाखांहून अधिक डॉलर मिळवले आणि पुढच्या वर्षी ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’ हा खेळ दिला. पाळीची लढाई त्या वेळी व्यापाऱ्यांच्या लेखी मेलेली होती. यांनी तीच घेतली आणि तिच्यात पंचमहाभूते ओतली. पाऊस पडला की शत्रू ओला. ओल्यावर वीज टाकली की थरकाप. जमिनीवर तेल सांडले असेल तर ठिणगी पुरे. पाळी आली की खेळाडू नुसता ‘मारतो’ म्हणेना. तो आजूबाजूला पाहू लागला, कुठे पिंप आहे, कुठे डबके आहे. लढाईत विचाराला जागा झाली. 2017 साली याचा दुसरा भाग आला आणि तो पहिल्याहून गाजला.

म्हणून 2019 च्या जूनमध्ये जाहीर झाले की बाल्डर्स गेटचा तिसरा भाग लॅरियन करणार, तेव्हा जुन्या भक्तांच्या पोटात गोळा आला. आणि पुढच्या वर्षी कळले की लढाई पाळीचीच असणार, तेव्हा तर कहर झाला. हा बाल्डर्स गेट नव्हेच, हा त्यांचाच जुना खेळ नवी पाटी लावून विकताहेत, असा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणे, अहो, मूळ पेटी उघडून पाहा; पाळी हेच तिथले सनातन, टाइमप्लीज ही तर एडमंटनच्या डॉक्टरांनी काढलेली पोटशाखा! म्हणजे सुधारक कोण आणि सनातनी कोण हेच ठरेना. असा वाद आपल्याकडे नवा नाही, पण संगणकाच्या खेळावरून होताना पाहून मला मौज वाटली.

लॅरियनने केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे खेळ अर्धाकच्चा असतानाच त्यांनी दार उघडले. ऑक्टोबर 2020 मध्ये पहिल्या अंकाएवढा भाग विकत मिळू लागला, आणि जवळजवळ तीन वर्षे हजारो लोक तो खेळून तक्रारी पाठवत राहिले. तालमीला प्रेक्षक बसवावेत तसे. उंचवट्यावरून बाण मारणाऱ्याला सुरुवातीला दोन फासे टाकून चांगला तो घेण्याची सवलत होती. ऐकायला किरकोळ वाटते, हिशेब करा. दहा किंवा वर दान हवे असेल तर एका फाशाने ते शंभरात पंचावन्न वेळा पडते, दोन फाशांनी ऐंशीच्या जवळपास. मग कोण जमिनीवर उभा राहील? प्रत्येक लढाई म्हणजे शिडी शोधण्याची शर्यत झाली. तक्रारी आल्या आणि सवलत बदलून नुसते दोन गुण अधिक असे ठरले: पंचावन्नाचे पासष्ट. उंचीचा मान राहिला, माज गेला. तसेच आगीचे. मूळ नियमांत नसलेली डबकी आणि जाळ यांनी सुरुवातीला रणांगण भरून गेले होते, तेही आवरते घेतले.

पाळीचा एक दोष मात्र त्यांनी फार चतुराईने कमी केला. कुणाची पाळी आधी हे मूळ नियमात वीस बाजूंच्या फाशावर ठरते. यांनी तिथे चार बाजूंचा फासा घेतला. त्यामुळे चपळ माणूस बहुधा आधी येतो आणि आपले दोन-तीन गडी पुष्कळदा लागोपाठ येतात. लागोपाठ आले की त्यांना एकत्र, कोणत्याही क्रमाने चालवता येते. एकाने पाण्याची बाटली फेकायची, दुसऱ्याने वीज सोडायची. प्रत्येक पाळीत एक मोठे काम, एक छोटे काम आणि ठराविक अंतराची चाल. छोट्या कामांत ‘ढकलणे’ आहे! कड्याच्या काठी उभ्या असलेल्या महाभयंकर शत्रूला तलवार न उपसता नुसते ढकलून देता येते. इतके असभ्य आणि इतके समाधान देणारे युद्धशास्त्र मी दुसरे पाहिले नाही.

असो. पाळीच्या पद्धतीचे माझ्या मनातले पारडे जड होण्याचे कारण मात्र गणितात नाही.

अण्णा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. ज्या हाताने केसाएवढ्या रेघा ओढल्या त्या हातातला चहाचा कप वाजू लागला. डॉक्टरांनी नाव सांगितले, गोळ्या दिल्या. अण्णांनी हळूहळू एकेक गोष्ट सोडली: आधी सही, मग पत्ते, मग कॅरम. “हात ऐकत नाही रे,” एवढेच म्हणत. पुतण्याने जुन्या बाल्डर्स गेटची डागडुजी केलेली आवृत्ती त्यांना आणून दिली होती, पण टाइमप्लीजच्या लढाईला वेळेवर कळ दाबणारा हात लागतो. बोट कळीवर पोचेपर्यंत मांत्रिक मेलेला असे. दोन दिवसांनी त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि चष्मा काढून ठेवला. घरात कुणी काही बोलले नाही.

तिसरा भाग आला तेव्हा मीही त्या जुन्या भक्तांतलाच होतो आणि काही बाबतींत आजही आहे. सहाजण एकदम सरसावण्याची ती धामधूम गेली. आता चौघेच, आणि दहा क्षुद्र उंदीर मारायलाही प्रत्येकाची पाळी यावी लागते. लढाई मोठी असली की शत्रूंच्या पाळ्या संपेपर्यंत वहिनींचा कुकर होतो. हे उणेच आहे. पण अण्णांची पाळी आली की पडदा वाट पाहतो. पाच मिनिटे पाहतो, दहा पाहतो. हात कापला, बाण भलत्याच ठिकाणी रोखला गेला, तरी सोडण्याआधी पुन्हा रोखता येतो. तिथे पडद्यावर लिहून येते, या वाराची शक्यता शंभरात इतकी. ड्राफ्ट्समनला आणखी काय हवे? ते कागद घेऊन बसतात, दार कुठे, पायऱ्या कुठे, वाकड्या का होईना पण रेघा ओढतात. परवा एका पडक्या देवळात त्यांनी पुन्हा खिंड लढवली. दारात धिप्पाड कार्लाख, मागे धनुर्धारी. “थांबव” म्हणायची गरज पडली नाही.

मोठ्या सभागृहांतल्या बक्षिसांचे सांगायचे तर 2023 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला वर्षातला उत्कृष्ट खेळ म्हणून याचा गौरव झाला आणि विंके महाशय चक्क चिलखत घालून मंचावर गेले. पुढच्या एप्रिलमध्ये ब्रिटिश अकादमीचेही बक्षीस आले. ज्या पाळीच्या लढाईला व्यापारी नाके मुरडत होते तिने हे मिळवले, याचा आनंद त्यांना किती झाला असेल! आणि ज्या गुगलच्या स्टेडिया या नव्या सेवेचे नाव घेऊन 2019 साली खेळ जाहीर झाला होता, ती सेवा खेळ येण्याआधीच, 2023 च्या जानेवारीत बंद पडली होती. जुने मेले म्हणणारे नवे आधी गेले.

एक व्यावहारिक सूचना. हा खेळ मुलांसाठी नाही. युरोपात त्यावर अठरा वर्षांचा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. रक्तपात आहे, शृंगारही आहे. मोठ्यांनी सुरुवात करायची तर सर्वांत सोप्या पायरीने करावी, त्यात कमीपणा नाही. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनाही बरोबर खेळता येते. जुने दोन्ही भागही आजच्या यंत्रांवर चालतात, आणि मिन्स्क व बू तिसऱ्या भागातही भेटतात. पण कुठे ते सांगत नाही.

लॅरियनने मार्च 2024 मध्ये जाहीर केले की चौथा भाग ते करणार नाहीत. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी शेवटची मोठी भर घातली, योद्ध्यांचे बारा नवे प्रकार, आणि किल्ल्या मालकांच्या हवाली केल्या. त्या बारांतला एक प्रकार अण्णांनी निवडला आहे. खेळ पहिल्यापासून सुरू केला आहे, या वेळी सर्वांत कठीण पायरीवर, जिथे सगळे मेले की त्या पायरीवरचा डाव संपतो. पुतण्या म्हणाला, “काका, एवढं कठीण कशाला?” अण्णांनी वर पाहिलेही नाही. “गप्प बस, माझी पाळी आहे.”